खांब ते खांब

दीपमालानं हात वर केला तेव्हा सभा जवळजवळ संपलीच होती. खुर्च्या मागं सरकायला लागल्या होत्या, चहाच्या थर्मासाभोवती चार माणसं जमली होती, आणि सोसायटीचे अध्यक्ष यशवंतराव चष्मा खिशात ठेवता ठेवता म्हणत होते, "तर मग मागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं, हा विषय मंजूर समजायचा."

"नका समजू," ती म्हणाली.

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये आवाज घुमतो, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. सगळी तोंडं एकदम तिच्याकडं वळली. पुढं पुरुषांमध्ये बसलेल्या तिच्या नवऱ्याचं, रंगरावांचंही. मंजुरीसाठी त्यांनी हात वर केला होता. तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला आणि मग दुसऱ्याच कुणाचा असावा तसा गुपचूप खाली आला.

"त्या जागेत बायकांसाठी खो-खो सुरू करू या," दीपमाला म्हणाली. "रोज संध्याकाळी तासभर. शिकवायला मी आहे."

एकदम हशा पिकला. कुचेष्टेचा नव्हता तो. लग्नघरात लहान पोर भलतंच काही बोलून गेलं की हसतात, तसा.

"खो-खो म्हणजे शाळेतला?" सेक्रेटरी निरंजननं विचारलं. तो हिंजवडीला कामाला होता, रोज ट्रॅफिकमध्ये अर्धं आयुष्य घालवून घरी यायचा, आणि सभा लवकर संपावी अशी सगळ्यात जास्त घाई त्यालाच असायची.

"तोच. पण शाळेतल्या मुलींसाठी नाही. आपल्यासाठी. आपण शेवटचं कधी पळालो ते जिला आठवत नाही, तिच्यासाठी."

हसणं ओसरलं. बायकांच्या रांगेत कुणीतरी पदर सारखा केला.

"पण काकू, कुणी पडलं, हाड मोडलं, तर जबाबदारी कुणाची?" निरंजननं विचारलं.

"जिन्यावरून पडलं तर कुणाची असते?"

यशवंतराव खाली मान घालून हसले. इंजिनांच्या कारखान्यात त्यांची सगळी हयात युनियनच्या सभांमध्ये गेली होती. मागच्या रांगेतून उठून बोलणाऱ्या माणसाबद्दल त्यांना जात्याच माया होती.

"एक महिना करून बघा," ते म्हणाले. "मग ग्रुपवर सगळ्यांचं मत घेऊ. दर फ्लॅटला एक मत. जे निघेल ते निघेल."

लिफ्टमध्ये रंगराव मजल्यांचे आकडे बघत राहिले. दाराचं कुलूप काढताना म्हणाले, "आपण गाडी बुक केलीय."

"माहितीय."

"मग ती ठेवायची कुठं?"

"अहो, आधी येऊ तर द्या."

त्यांनी चपला काढल्या आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ त्या कपाटात नीट लावत राहिले. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षं ते कंपनीच्या बसनं जात होते. त्यांच्या सगळ्या भावकीत ही पहिली चारचाकी येणार होती. रंग ठरवायलाच त्यांना दोन महिने लागले होते. आपल्या खिडकीतून खाली बघितलं की ती दिसावी, एवढी त्यांची साधी इच्छा होती, आणि खिडकी नेमकी त्या मोकळ्या जागेवर उघडत होती.

दीपमालालाही त्या जागेत काही दिसायचं. ती धाराशिवकडची. लग्नाआधी जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळलेली. तळवड्याच्या एका लहानशा कारखान्यात ती रबराचे वॉशर तपासायचं काम करायची, आणि संध्याकाळी मागच्या गेटनं ती जागा ओलांडून घरी यायची. चहूकडं सगळं सिमेंटनं झाकलं गेलं होतं, तेवढा एकच मातीचा तुकडा उरला होता. येताना तिची नजर आपोआप मोजायची. इथं एक खांब, तिथं दुसरा. मध्ये आठ जणी. बरोबर बसतंय.

*

पहिल्या संध्याकाळी तिनं चुन्याच्या फक्कीची पिशवी काखेत धरून रेषा मारल्या. प्लंबरकडून मागून आणलेले दोन जाड पाइप वाळू भरून खांब म्हणून रोवायचे होते. ती खड्डा खणत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तिथं नगं रोवू. तिथं आमची हीर व्हती."

इंदुताई. पहिल्या मजल्यावर राहायच्या. सोसायटी ज्या शेतावर उभी राहिली ते शेत त्यांचंच, आणि त्याच्या बदल्यात मिळालेल्या दोन फ्लॅटांपैकी एकात त्या एकट्या राहत. संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीला टेकून बसायच्या, कुणाशी फारसं बोलायच्या नाहीत.

"बुजवलीय, पर माती अजून खचती. चार पावलं इकडं घे."

दीपमालानं चार पावलं इकडं घेतली. खांब घट्ट बसला.

"येताय का खेळायला, इंदुताई?"

"मी? गुडघं बघितलंस का माझं?" त्या म्हणाल्या, आणि तरी तिथंच उभ्या राहिल्या.

पहिल्या दिवशी पाच जणी आल्या. त्यातल्या दोघी बघायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी मिनल आली, आणि तिच्यामुळं सगळंच बदललं. मिनल तळवड्याच्या आयटी पार्कात होती, सोसायटीतली सगळ्यात चपळ पोरगी. कानात इअरफोन घालून रोज एकटीच रस्त्यानं धावायची. ती ट्रॅकपँटमध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, मी फक्त पळणार. बसणार नाही. बसून बसून दिवसभर पाठ मोडते."

"खो-खो बसण्याचाच खेळ आहे," दीपमाला म्हणाली. "पळणाऱ्या दोन पायांवर खेळतात. बसणाऱ्या कानांवर."

"म्हणजे?"

"बस, म्हणजे कळेल."

मिनल चौकोनात बसली. एक पाय पुढं, टाच उचललेली, हात जमिनीला टेकलेले. तिच्या पुढची उलट्या तोंडाची, तिच्या पुढची पुन्हा सुलट. दीपमाला मागून धावत आली, आणि मिनलच्या पाठीवर थाप बसली ती अशी अचानक, की पोरगी ओरडलीच.

"खो!"

"आई गं!"

"आई गं नाही, पळ! डावीकडं गेलीस ना? आता डावीकडंच. दिशा घेतली की फिरायचं नाही. खांबाला वळसा घाल! अगं, वळसा!"

मिनल खांबाला धडकली, पाइप डुगडुगला, आणि ती हसत हसत मातीत बसली. हातावर खरचटलं होतं. तिनं तिकडं बघितलंही नाही.

"परत," ती म्हणाली.

सगळ्यात अवघड गेलं ते 'खो' म्हणणं. दीपमालानं विचारच केला नव्हता. पळणं अवघड जाईल, बसणं जाईल, साड्या पायात येतील, हे सगळं तिनं धरलं होतं. पण बायकांच्या तोंडून 'खो' निघेना. निघाला तर असा, जसा शेजारणीकडं वाटीभर साखर मागायची आहे.

"मोठ्यानं," ती म्हणायची.

"म्हटलं की."

"मला ऐकू नाही आलं. जिला द्यायचाय तिला कसा येईल?"

"अहो, वर बाल्कनीत माणसं उभी आहेत."

"असू देत. त्यांना देत नाही आपण खो."

तेव्हा भिंतीला टेकलेल्या इंदुताई उठल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि अशी आरोळी ठोकली की बाल्कनीतली माणसं रेलिंगवरून मागं सरकली, आणि पलीकडच्या बांधकामावरचा वॉचमन काय झालं म्हणून पळत बाहेर आला.

"ज्वारी राखायचो आमी हितं," त्या म्हणाल्या. "पाखरं हाकलायला ह्याच्याहून मोठं वरडायला लागायचं. त्यात काय लाजायचं?"

त्या दिवसापासून इंदुताई चौकोनात बसायला लागल्या. मग ज्या बघायला यायच्या त्याही बसायला लागल्या. अंधार लवकर पडायचा, तेव्हा मिनलच्या वडिलांनी, धम्मपाल यांनी, विहारातले जयंतीच्या वेळचे दोन हॅलोजन आणून गच्चीवरून खाली सोडले. "एप्रिलपर्यंत नुसते पडून असतात," ते म्हणाले, आणि रोज सात वाजेपर्यंत वायर सांभाळत उभे राहायला लागले.

दीपमाला कारखान्यातून यायची ती जवळजवळ पळतच. वॉशर तपासताना तिच्या डोक्यात साखळ्या चालायच्या. कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं, कोण हुलीला फसते, कोण फसत नाही. जेवताना ती बोटानं ताटात आठ ठिपके काढायची. एकदा तिनं सूर मारून दाखवला. खांबाला एका हातानं धरून अंग झोकून द्यायचं आणि पलीकडचा गडी टिपायचा. अंगाला आठवत होतं सगळं. मातीवर आदळल्यावर तिला श्वास घेता येईना, बायका धावत आल्या, आणि ती पालथी पडल्या पडल्याच म्हणाली, "बघितलं का? लागत नाही काही." रात्री रंगरावांनी तिच्या खांद्याला बाम चोळला. कशानं लागलं, हे त्यांनी विचारलं नाही.

*

महिना भरला आणि ग्रुपवर मत घेतलं गेलं. दर फ्लॅटला एक मत, म्हणजे ज्याच्या नावावर फ्लॅट त्याचं. पार्किंगच्या बाजूनं सरळ बहुमत निघालं. कुणी काय मत दिलं ते नावानिशी दिसत होतं. दीपमालानं यादीत बोट खाली खाली नेलं आणि रंगरावांच्या नावापाशी थांबवलं. मग फोन पालथा ठेवून ती भाकरी थापायला लागली.

"बोल ना काहीतरी," जेवताना ते म्हणाले.

"मी काही म्हटलं का?"

"गाडी आलीय, दीपा. रस्त्यावर उभी आहे. करंजाच्या झाडाखाली. रोज सकाळी पक्ष्यांनी घाण केलेली असते. पोरं जाता-येता हात लावतात."

"मी काही म्हटलं का?"

"न म्हणण्याचंच भ्या वाटतं."

तिनं त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी ठेवली. रागानं की कशानं, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. त्यांची बाजू तिला कळत होती. एवढी वर्षं बसच्या खिडकीतून बघितलेली दुसऱ्यांची गाडी एकदाची आपली झालेली. पण तिचंही होतं ना काहीतरी. ते नव्यानं मिळालेलं नव्हतं, तिचं तिलाच परत सापडलेलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी मैदानावर कुणी येणार नाही, असं धरून ती खाली उतरली. सगळ्या आल्या होत्या. मिनलनं रेषा मारून ठेवल्या होत्या, जरा वाकड्या.

"काम सोमवारपासून आहे," मिनल म्हणाली. "मी निरंजनदादाला विचारलं. म्हणजे रविवारपर्यंत जागा आपली. रविवारी एक मॅच खेळू. खरीखुरी. दुसऱ्या टीमबरोबर."

"दुसरी टीम आणायची कुठून?"

"माझ्या म्हायेरच्या हायत की," इंदुताई म्हणाल्या. "कान्हे गावच्या. बचत गटाच्या बाया. मी परवाच भावजयीला फोन केला. म्हनल्या, टेंपो करून येतो."

"परवा? परवा तर मतसुद्धा झालं नव्हतं."

"मत हूंद्या न्हाईतर नगं. खेळायचं तर व्हतंच ना?"

शनिवारी रात्री दीपमाला जेवायला बसली तरी तिचं जेवणात लक्ष नव्हतं. पळतीला पहिल्या तिघी कोण पाठवायच्या, यावर ती अडली होती. रंगराव तिसऱ्या पाळीला निघण्यापूर्वी डबा भरत होते. झाकण लावता लावता, तिच्याकडं न बघता ते म्हणाले, "ती मिनल दर वेळी डावीकडंच हूल देते. समोरच्यांना कळेल ते."

दीपमालाचा घास हातातच राहिला.

"तुम्हाला कसं माहीत?"

"गाडी पुसताना दिसतं," ते म्हणाले. "गेटमधून." आणि बस चुकेल म्हणून घाईघाईनं निघून गेले. बसला अजून बराच वेळ होता.

*

रविवारी सकाळी कान्ह्याच्या बायका टेंपोतून उतरल्या त्याच गाणी म्हणत. काहींनी नऊवारी नेसली होती, काहींनी ड्रेसवर नवऱ्याचे शर्ट घातले होते. दंड असे, की मिनल दीपमालाच्या कानात पुटपुटली, "काकू, ह्या खेळायला आल्यात की कुस्तीला?" बाल्कन्या भरल्या होत्या. यशवंतराव शिट्टी गळ्यात घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. कुणीतरी त्यांना पंच केलं होतं आणि त्यांनी ते फारच मनावर घेतलं होतं.

पहिलं आक्रमण पाहुण्यांचं. त्या धावायच्या कमी आणि ओरडायच्या जास्त, पण हात लांब होते. मिनलनं या वेळी उजवीकडं हूल दिली. समोरची बाई उजवीकडं झुकली, आणि मिनल डावीकडून निसटून गेली. अख्खी सोसायटी ओरडली. दीपमालाला हसू आवरेना. खेळ सुरू होण्यापूर्वी तिनं एवढंच सांगितलं होतं, "आज एकदा उलटं करून बघ."

डाव बदलला. दीपमालाच्या आठ जणी बसल्या, ती नववी खांबापाशी उभी राहिली. यशवंतरावांनी शिट्टी तोंडात धरली, आणि तेवढ्यात मागच्या रस्त्यावर हॉर्न वाजला. लांबलचक, जड गाडीचा.

निरंजन फोन कानाला लावून जिना उतरत आला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच ओशाळल्यासारखं होतं. "मी सोमवार सांगितला होता," तो म्हणाला. "काँट्रॅक्टर म्हणतोय आज ट्रक मोकळा आहे. ब्लॉक आणि खडी आजच टाकून जातो."

"टाकतो म्हणजे? कुठं?"

"इथंच की काकू. दुसरी जागा कुठाय?"

 माल एकदा पडला की पडला. तो उचलून परत कुणी नेत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दीपमालानं यशवंतरावांकडं बघितलं. त्यांनी शिट्टी तोंडातून काढून हातात घेतली.

"मत झालंय, दीपमालाताई," ते हळू म्हणाले.

"झालंय," ती म्हणाली.

"आरं, डाव संपू द्या की," चौकोनात बसलेल्या इंदुताई मान न वळवता म्हणाल्या. "ताटावरनं उठवत्यात का कुनाला?"

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. निरंजन किल्ली घेऊन मागच्या गेटकडं गेला. त्यानं कुलूप काढलं, दोन्ही दारं आत ओढली, आणि तसाच उभा राहिला.

गेटच्या तोंडावर एक गाडी आडवी उभी होती. कोरी, निळी, पुढच्या काचेवर अजून कुंकवाचं स्वस्तिक असलेली. बॉनेट वर केलेलं होतं आणि रात्रपाळीवरून आलेले, अजून कंपनीच्या गणवेशातले रंगराव त्यात कमरेपासून वाकले होते. पलीकडं ट्रक घुरघुरत होता.

"काय झालं, काका?"

"बंद पडली," रंगराव बॉनेटमधूनच म्हणाले.

"नवी गाडी?"

"नव्यालाच दुखणी जास्त."

ट्रकवाला खाली उतरला. "बाजूला ढकलू या, काका. चार माणसं लावतो."

"ढकलून हलणार नाही. चाकं जाम झालीत."

"चारही?"

"चारही."

"मग शोरूमला फोन लावा ना."

"लावला. आज रविवार आहे."

मैदानावरून दीपमालाला हे सगळं ऐकू येत होतं. तिला रंगरावांची फक्त पाठ दिसत होती, तेलाचे डाग पडलेला निळा शर्ट, आणि बॉनेटच्या कडेवर ठेवलेला डबा. पोरांनी हात लावला तरी ज्या माणसाचा जीव खालीवर व्हायचा, तो आपल्या गाडीच्या पुढ्यात एवढा मोठा ट्रक हातभर अंतरावर घेऊन उभा होता. त्यांनी एकदाही मान वळवून तिच्याकडं बघितलं नाही.

ट्रकवाल्यानं थोडा वेळ हुज्जत घातली, बॉनेटमध्ये डोकावून बघायचा प्रयत्न केला, आणि रंगराव आणखी खाली वाकले. शेवटी तो वैतागला. "रावेतची ट्रिप मारून येतो. तोवर हलवा," असं म्हणून त्यानं ट्रक मागं घेतला.

यशवंतरावांनी शिट्टी पुन्हा तोंडात धरली आणि एवढ्या जोरात फुंकली की ते स्वतःच दचकले.

दीपमाला निघाली. समोर कान्ह्याच्या तिघी, त्यांतली एक लाल लुगड्यातली, हरणासारखी. "खो!" मिनल उठली. "खो!" "खो!" आता त्या शब्दात साखर मागणं नव्हतं. एकेक पाठ थाप बसताच उठत होती. बाईनं बाईला उठवावं आणि तिच्या जागी स्वतः बसावं, तिनं पुढच्या बाईला उठवावं, असा तो आवाज एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावत होता. लाल लुगड्यातली इंदुताईंच्या पुढून गेली आणि नेमका तेव्हाच त्यांना खो मिळाला. त्या उठल्या. पळाल्या असं म्हणता येणार नाही, पण उठल्या त्याच हात पसरून, आणि लाल लुगड्याचा पदर त्यांच्या मुठीत आला.

"बाद!" यशवंतराव खुर्चीवरून उठून ओरडले.

"पदर धरला, पदर चालत न्हाई!" पाहुण्या ओरडल्या.

"पदर मानसाचाच हाय की!" इंदुताई म्हणाल्या.

"डावीकडं! अरे, डावीकडं दोघी आहेत!" हा आवाज पुरुषाचा होता. निरंजन गेटपासून आत आला होता, चपला मागं कुठं तरी राहिल्या होत्या, आणि तो रेषेवर उभा राहून दोन्ही हात हलवत होता.

सोसायटीच्या बायका हरल्या. थोडक्यात, पण हरल्या. शेवटच्या शिट्टीनंतर दोन्हीकडच्या बायका मैदानाच्या मधोमध मातीत बसल्या आणि कोण जिंकलं हे विसरून एकमेकींच्या ढोपरांवरचं खरचटलेलं बघायला लागल्या. दीपमालाच्या छातीत धडधडत होतं. घाम डोळ्यांत गेला होता आणि तिला सगळं चमकतं दिसत होतं.

तेवढ्यात मागच्या गेटवर पुन्हा हॉर्न वाजला.

सगळ्यांच्या माना वळल्या. ट्रक नव्हता. पाण्याचा टँकर होता, रोज याच वेळी यायचा.

"पाणी!" चार-पाच जणी एकदम म्हणाल्या. टँकर परत गेला, तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीच्या नळाला थेंब आला नसता. आणि गेटमध्ये ती निळी गाडी आडवी.

रंगरावांनी टँकरकडं बघितलं. मैदानाकडं बघितलं. मग बॉनेट हलक्या हातानं खाली घेऊन लावलं, रुमालानं हात पुसले, दार उघडून आत बसले आणि किल्ली फिरवली.

गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली. इतकी सुरेख, इतकी बिनआवाजी, की मैदानावरची कुजबूजसुद्धा त्यापुढं मोठी वाटली.  त्यांनी गाडी पुढं घेतली, करंजाखाली नीट लावली, आणि इंजिन चालूच ठेवून खाली मान घालून बसून राहिले. टँकर आत आला.

दीपमाला उठली. तिच्या तळपायांना माती लागली होती, साडीची एक बाजू फाटली होती. ती गेटपर्यंत गेली आणि तिथंच, गजांना धरून उभी राहिली. रंगरावांनी काच खाली केली.  त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

निरंजनच्या हातातला फोन वाजायला लागला. त्यानं तो उचलला, दोन शब्द ऐकले आणि तो यशवंतरावांकडं वळला.

"काँट्रॅक्टर आहे. विचारतोय ट्रक पाठवू का. काय सांगू?"

यशवंतरावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. करंजाखाली सुरू असलेल्या निळ्या गाडीकडं त्यांनी नीट निरखून बघितलं.

"सांग त्याला," ते म्हणाले, "गाडी अजून बंदच आहे."